शकुनबाई, मोटर अजून चालूच आहे

बाई, काल तुमच्या जलदान विधीला पाणी दिनेशभाऊकडून आलं.

निळे जार, गार केलेले. छोट्या गाडीतून उतरवून त्याच्या माणसांनी ते आपल्या अंगणात, तुमच्या फोटोसमोर मांडले. नदीच्या डोहात मोटरी टाकून ज्याने गावाचा नळ कोरडा केला, त्याच्याच घरचं पाणी तुमच्या नावाने वाटीत ओतायचं होतं. मी बौद्धाचार्यांना म्हटलं, थांबा जरा, मी हातपंपावरून आणते. तर माझी चुलत जाऊ मागून म्हणाली, "तो लाल पानी आणशीन का वं चार लोकायसमोर? चांगलं दिसते का ते?" तुमचा भाऊ खाली मान घालून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "असू दे, सुमन."

मग आम्ही दोघांनी मिळून तांब्या धरला. गाथा सुरू झाली. वाटी भरली, ताटलीत सांडली, आणि सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. दुःख वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण वाटली ती शिसारी. ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले. माझ्या मुली इथल्या, मध्य प्रदेशातल्या, हिंदी शाळेत शिकल्या, त्या काही हे वाचणार नाहीत. तुम्हीही वाचणार नाही. तरी लिहिते.

त्यानंतर भाषणं झाली. दिनेशभाऊनं माईक हातात घेतला, डोळे पुसले. खरोखर पुसले, बाई. "शकुनबाई पानी की लड़ाई की शेरनी थीं. हमारे बीच मतभेद थे, मनभेद कभी नहीं." पुढे म्हणाला, बस स्टँडवर तुमच्या नावाची पाणपोई बांधून देणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसाच्या विधीला टाळ्या! आणि वाजवणाऱ्यांत त्या सगळ्या बाया होत्या ज्या गेल्या उन्हाळ्यापासून तुम्हाला रस्त्यात पाहिलं की पदर नाकाला लावून पलीकडून जात होत्या.

दिनेशभाऊ कोण हे तुम्हाला सांगायला नको. तरी कुणी तिऱ्हाईतानं हे वाचलंच तर त्याला कळावं म्हणून लिहिते. आपल्या गावात सगळ्यात जास्त शेती त्याची. वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये त्याची भागीदारी आहे. आणि नदीचं पाणी शेतीला कसं वाटायचं हे ठरवणारी जी गावची समिती आहे, तिचा अध्यक्षही तोच. मांजराला दुधाची राखण. ही म्हण तुम्हीच त्याच्या तोंडावर म्हटली होती, भर पंचायतीत. तेव्हा तुम्ही पंच होता, आणि तोंडात तंबाखूचा गुडाखू असल्यामुळे त्यातला निम्मा शब्द त्याच्या शर्टावर उडाला होता.

तुम्ही काही गोड बाई नव्हता. आता सगळे तुम्हाला गोड करून राहिले आहेत, म्हणून मला हे मुद्दाम लिहायचं आहे. तुम्ही शिव्या द्यायच्या. तुम्ही माझ्या भाजीला नावं ठेवायच्या. नवरा गेल्यावर तुम्ही माहेरी परत आला आणि पहिल्या दिवसापासून घर आपलंच असल्यासारखं वागला. मी नवी सून, नदीच्या पलीकडच्या काठची, गोंदिया जिल्ह्यातली. मला वाटलं, ही नणंद माझा जीव घेणार. मग अंगणवाडीची जागा निघाली. सासूबाई म्हणाल्या, सुनेनं बाहेर गेलं तर घरचं कोण पाहीन? तुम्ही चुलीपुढून न उठता म्हणालात, "ते जाईन. रांधाचं मी पाहतो." एवढंच. पुन्हा त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. माझी नोकरी, माझं हे चार अक्षरं लिहिणं, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

मला माझ्या माहेरी सोडायला तुम्ही यायच्या ते आठवतं. राजेगावचा पूल असूनही आपण उन्हाळ्यात नदीतूनच जायचो. चपला हातात, साडी पोटरीपर्यंत, खाली बाघ नदीचं नितळ पाणी आणि पायाला गुदगुल्या करणारे मासे. मधोमध थांबून तुम्ही ओंजळीनं पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "हे मध्य प्रदेशचं, अन् हे महाराष्ट्राचं," म्हणून दोन घोट घ्यायच्या. एकदा तिथंच उभ्या राहून तुम्ही आजोबांची गोष्ट सांगितली. याच नदीच्या वरच्या घाटावर त्यांनी पाण्याला हात लावला म्हणून त्यांना काठीनं मारलं होतं. "आपल्या आज्यानं ओंजळभर पान्यासाठी मार खाल्ला," तुम्ही म्हणालात, आणि तोंडावर पाणी मारून पुढे निघालात.

तेव्हा उन्हाळ्यात कुणी धान लावत नव्हतं. पावसाळी धान निघाला की बांध्यांमध्ये लाखोडी, चणा, जवस. मग मोटरी आल्या, वीज आली, आणि एकेक करून सगळ्यांनी उन्हाळी धान धरला. आपणही धरला. त्यात खोटं काय? त्या पिकावर आपल्या घराला स्लॅब पडला. मोठी पोरगी नर्सिंगला गेली ती त्याच पिकावर. उन्हाळी धान म्हणजे पाप, असं मी कधी म्हणणार नाही, आणि तुमच्याशी माझं पहिलं मोठं भांडण झालं ते यावरूनच.

गावाच्या नळाची विहीर डोहाच्या काठाला आहे. वर मोटरी वाढल्या तसा डोह बसत गेला. आधी नळ एक दिवसाआड झाला, मग आला तरी गढूळ, मग त्याला कुजक्या शेवाळाचा वास. अंगणवाडीत लेकरांना त्याच पाण्याची खिचडी. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही लगेच म्हणालात, "मोटरी बंद कराव लागीन."

"आपलीही?" मी विचारलं.

"आपली पयले."

"अन् पोरीची फी कोण भरीन, बाई? तुमचा पंचायतीचा ठप्पा?"

"पिणं आधी, सुमन. पिकणं मंग."

"हे बोलाले सोपं आहे. ज्याच्याजवळ दुसरं काहीच नाही त्यानं काय करावं?"

तुम्ही उठून गुडाखूची डबी शोधू लागलात. पण तो प्रश्न तुम्ही सोडला नव्हता हे मला पुढे कळलं.

बालाघाटला ती बैठक झाली तेव्हाची गोष्ट. नदीच्या सगळ्या खोऱ्याचं नियोजन करायचं, दोन्ही राज्यांचे साहेब येणार, गावोगावच्या लोकांनाही बोलावलं होतं. तुम्ही मला सोबत नेलं. हॉलमध्ये एसी इतका थंड की तुम्ही पदर दोन्ही खांद्यांवर ओढून बसला. भोपाळहून आलेल्या एका चष्म्यातल्या मुलीनं पडद्यावर तक्ता दाखवला. एकीकडे सामाजिक उद्दिष्टं, दुसरीकडे आर्थिक. पिण्याचं पाणी, आरोग्य, मासेमारी, नदी वाहती ठेवणं. आणि इकडे सिंचन, धानाचं उत्पादन, राइस मिल, वीज. प्रत्येकाला वजन दिलेलं. कुणाला किती पाणी मिळालं तर कुणाचं किती भलं होतं, असा सगळा हिशेब. पिण्याचं पाणी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. मला जरा बरं वाटलं. मग आपल्या भागाची ओळ आली. पिण्याच्या पाण्याची गरज: पूर्ण. कारण गावात नळयोजना आहे. म्हणजे आता जे काही पाणी उरतं ते शेतीला द्यायला मोकळं.

तुम्ही हात वर केला. "साहेब, नल गिना है कि पानी गिना है?"

एक साहेब हसले. "अच्छा प्रश्न है. नोट कीजिए." आणि पुढची ओळ. चहा आला, बिस्किटं आली. जेवणाच्या वेळी दिनेशभाऊ त्याच साहेबांच्या खांद्याला खांदा लावून पनीर वाढून घेत होता. मी ताट तसंच ठेवून दिलं. परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "हा तराजूच खोटा आहे, बाई. आधीच ठरलं असते कोणाले द्याचं ते, अन् मंग वजनं मांडतात."

मला वाटलं तुम्ही माझ्याहून मोठी शिवी द्याल. पण तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "नाई वं. ते पोरगी खोटी नाई. तिनं निदान दोन पारडे तं मांडले. आपल्या गावात कोनी तोलतेच कुठं? ज्याची मोटर मोठी त्याचं पानी."

"मंग काय फायदा झाला तोलून?"

"पारड्यात आपलं ठेवाले आपुनच पायजे तिथं."

यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. मी अजूनही म्हणते, बाई, तोलण्याचं सोंग हे न तोलण्यापेक्षा वाईट. उघड्या लुटारूला निदान लुटारू म्हणता येतं. तुम्ही आता वाद घालायला नाही, म्हणून मी जिंकले असं मात्र मी धरत नाही.

कारण तुम्ही घरी आला आणि खरोखरच तोलायला बसला. तो महिना मला आठवतो. तुम्ही घरोघर गेला. कोणाची शेती किती, कोणाला मजुरी मिळते, कोणाचं कोण आजारी, कोण पूर्ण उन्हाळी पिकावर आहे. आणि मग ग्रामसभेत उभं राहून सांगितलं: होळीनंतर डोहातून धानाला पाणी नाही. पण ज्यांची शेती थोडी, त्यांनी मूग, भाजी, तीळ लावावं. त्याला आळीपाळीनं पाणी द्यायचं. मोठ्यांनी त्या दिवसांत मोटरी उचलून घरी न्यायच्या. मी घरी विचारलं होतं, की ज्याच्याजवळ दुसरं काही नाही त्यानं काय करावं. हे त्याचं उत्तर होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही, पण मला कळलं.

सभेनं हात वर केले. दिनेशभाऊनंही केला. आपल्या घरचा हातही वर होता, तुमच्या भावाचा.

आणि चार-दोन आठवडे नळाला बरं पाणी आलं! बायांनी तुम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं, तुम्ही बौद्ध, तरी बोलावलं. तुम्ही हसत आला होता, "मले कुंकू लावत होत्या वं, मी म्हटलं चहाच द्या."

मग दिनेशभाऊनं वरच्या अंगाला, वळणापलीकडे, रेतीखालून पाइप टाकला. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं टाकला. मग तिसऱ्यानं. तुमच्या भावानंही सभेआधीच रोपं लावली होती. ती डोळ्यांसमोर पिवळी पडत होती. मग एका सकाळी तुम्ही काठानं चालत गेला आणि आवाजावरून आपली मोटर ओळखली. ती तुम्ही बंद केली. भाऊ तिथंच होता. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही. एवढं मात्र खरं की तुम्ही घरी आल्या तेव्हा तुमच्या गालावर काही नव्हतं, आणि त्याच्या गालावर पाच बोटं होती.

त्या दिवसापासून तुम्ही दोघं बोलला नाही. एका घरात. एका चुलीवरचं जेवत. "तुह्या नवऱ्याले सांग, डॉक्टरकडे जाय म्हणा." "बाईले म्हणावं, भिंतीकडचा दिवा मालव." मी मधे टपालासारखी. मोटर पुन्हा चालू झाली, आणि या वर्षीही धान लागला, आपल्याकडेही. गावानं काय केलं? तुमच्यामुळे उन्हाळी पीक बुडणार होतं म्हणून पुरुषांनी राम राम सोडला, आणि त्यांचं पाहून बायांनीही. ज्यांना तुम्ही पाणी आणून दिलं होतं त्यांनीच. पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडला. मला त्यांची किळस येते, बाई, आणि ती मी लपवणार नाही. पण थोडा राग तुमच्यावरही आहे. एवढ्या गावाशी बोलत फिरलात, मग भावाशी एकदा बोलायला काय झालं होतं? तो वाट पाहत होता. तुमच्या पायांचा आवाज आला की तो टीव्ही लहान करायचा, कदाचित आज बोलाल म्हणून. तुम्हाला ते माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं की नको होतं, कोण जाणे. आता सांगते.

तुम्ही मोरीत पडला तेव्हा त्यानंच तुम्हाला उचललं. गोंदियाला नेताना तुमचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तुम्ही शुद्धीत नव्हता. पूल ओलांडताना तो सारखा एकच म्हणत होता, "बाई, नदी आली. बाई, नदी आली पहा." मी समोर बसले होते. खाली नदी नव्हतीच, रेती होती.

आज सकाळी मी घमेलं घेऊन निघाले. कुठं जाते ते सांगितलं नाही. काठावर आपली मोटर गरगरत होती. मी स्टार्टरला हात लावला तेवढ्यात तो मागून आला.

"सुमन, धान पोटरीवर आला. आत्ता पानी तोडलं तं पूर्ण पळंज होईन, दाना नाई भरणार."

"माहीत आहे."

"अन् आपली बंद केली तं पानी नळाले जाईन का? दिनेशच्या पाइपात जाईन. तुले समजून नाही राह्यलं का?"

"समजते."

तो बोलला ते खरं होतं. अगदी खरं. आपण बंद करायची आणि दुसऱ्याचं हिरवं होताना पाहायचं, याहून मूर्खपणा कोणता? मी हात मागे घेतला. मग मी म्हणाले, "मंग आधी दिनेशभाऊची बंद करू. चला."

मला वाटलं तो घरी जाईल. त्यानं पायजमा वर खोचला, आपली मोटर स्वतःच्या हातानं बंद केली, आणि वळणाकडे चालू लागला.

दिनेशभाऊचा गडी झाडाखाली बसला होता. तो उठला. "काहून आले, भाऊ?"

"बाईच्या घरून आलो," तुमचा भाऊ म्हणाला, "मोटर बंद कर."

गड्यानं फोन लावला. थोड्या वेळानं दिनेशभाऊ मोटरसायकलवर आला. पांढरा शर्ट, कालचाच चेहरा. हात जोडून म्हणाला, "भाईसाब, दुःख की घड़ी है. आप घर जाइए, आराम से बैठकर बात करेंगे."

"हम यहीं आराम से बैठते हैं," मी म्हणाले, आणि त्याच्या पाइपावरच बसले. तुमचा भाऊ शेजारी बसला. कालच चार लोकांदेखत तुमच्या फोटोला हार घातलेल्या हातानं दिनेशभाऊला आम्हाला उठवता येईना. त्यानं गड्याला खूण केली. मोटर थांबली. तो निघून गेला.

दुपार आम्ही तिथंच काढली. ऊन फार होतं. तुमचा भाऊ मधेच म्हणाला, "तिनं मारलं तवा मले राग नवता आला."

सूर्य कलल्यावर आम्ही उठलो. वळणावर पोचलो नाही तोच मागून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मागे वळून पाहिलं नाही. उद्या डबा घेऊन जायचं असं ठरलं आहे. आपला धान जाणार, हेही आता ठरल्यासारखंच आहे. पोरीला फोनवर सांगितलं, ती रागावली.

घरी आलो तर नळ आला होता. धार करंगळीएवढी, वास येतच होता. मी हंडा लावला. शेजारची प्रमिला कुंपणापाशी आली, तीच जिनं काल सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. "आज कसा काय आला वं नळ?" तिनं विचारलं, आणि पळत जाऊन आपला हंडा घेऊन आली. तिच्या हंड्यात पडणाऱ्या पाण्याकडे मी पाहत राहिले. उद्या तिला सोबत चल म्हणायचं आहे, बाई. पण वळणापलीकडची ती तिसरी मोटर तिच्या घरची आहे.